ट्रायपॉडवर ठेवूनही फोटो हलतो

प्रश्न : १५०-६०० मिमीची झूम लेन्स ६०० वर ठेवून अंधुक उजेडात निवांत बसलेल्या पक्ष्याचे फोटो काढतो. ट्रायपॉड चांगला दणकट आहे, बटण रिमोटने दाबतो, तरी १/१५ सेकंदाला प्रत्येक फोटो हललेला येतो. १/१००० ला मात्र सगळं ठीक. आणखी जड ट्रायपॉड घेऊ का?

उत्तर : इतक्यात नको. आधी हिशेब बघा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा असतो. ६०० मिमीवर ४० सेंमी लांबीच्या लेन्सचं एक टोक दुसऱ्याच्या मानाने जेमतेम ४ मायक्रॉन वर-खाली झालं, की प्रतिमा एक पिक्सेल सरकते. केससुद्धा याच्या कितीतरी पट जाड असतो. त्यामुळे ‘ट्रायपॉड हलवून पाहिला, घट्ट आहे’ या म्हणण्याला इथे फारसा अर्थ नाही.

आता १/१५ लाच का? डीएसएलआरचा आरसा वर आपटतो, पाठोपाठ शटरचा पडदा सुटतो. या झटक्याने लेन्स थरथरते आणि हळूहळू शांत होते. १/१००० ला ती पुरती हलायच्या आत शटर बंद झालेलं असतं. ४-५ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये सुरुवातीच्या थरथरीचा वाटा नगण्य राहतो. साधारण १/२ ते १/६० या पट्ट्यात मात्र जवळजवळ सगळा फोटो थरथर चालू असतानाच टिपला जातो. रिमोटने बोटाचा धक्का वाचतो, आरशाचा नाही.

म्हणून मिरर लॉक-अप (आरसा आधीच वर उचलून ठेवणारी सोय) लावा, आरसा वर गेल्यावर ३ ते ५ सेकंद थांबा आणि मग रिमोट पुन्हा दाबा. २ सेकंदांचा टायमर लांब लेन्सला बरेचदा अपुरा पडतो. कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (पहिल्या पडद्याचं काम सेन्सरनेच करणारी सोय) असेल, तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर चित्र बघताना) तो चालू करा. मिररलेसवाल्यांनीही हेच करावं. आरसा नसला तरी यांत्रिक पडद्याचा झटका असतोच. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये झटका अजिबात नाही, पण पक्ष्याने मान वळवली तर आकार वेडावाकडा येऊ शकतो.

तरीही हलत असेल, तर टिचकी मारून पाहा. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हलणं भरून काढणारी यंत्रणा) बंद करा, लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून दूरच्या एखाद्या ठळक कडेवर आणा, लेन्सच्या पुढच्या टोकाला हलकी टिचकी मारा आणि चित्र स्थिर व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा मोजा. मधला खांब पूर्ण खाली घ्या. पायांचा सर्वांत बारीक टप्पा आत ढकला; उंची हवी तर जाड टप्पे उघडा, वाकून उभं राहावं लागलं तरी चालेल. लेन्सला ट्रायपॉडशी जोडणारी प्लेट एकाच स्क्रूवर असेल तर ती किंचित फिरते. लेन्सच्या पायाला (नळीभोवतीच्या कड्याचा, म्हणजे कॉलरचा, खालचा आधार) दोन भोकं असल्यास दोन्ही स्क्रू लावा. हा पाय स्वतःच अनेकदा खरा गुन्हेगार असतो. हातात धरायला सोयीचा म्हणून तो उंच आणि सडपातळ केलेला असतो, आणि सगळं वजन त्या देठावर डुलत राहतं. तो बदलता येत असेल तर बुटका, रुंद पाय बसवा. नव्या ट्रायपॉडआधी आम्ही पैसे यावर खर्च करू.

तोल ६०० वरच साधा. नळी बाहेर येणाऱ्या झूममध्ये १५० वर साधलेला तोल ६०० ला बिघडतो आणि लेन्स पुढे झुकते. हेड (ट्रायपॉडचा वरचा, फिरणारा भाग) सैल सोडल्यावरही ती आडवी राहिली पाहिजे.

पक्षी चुळबुळ करत असेल आणि रिमोटला सवडच नसेल, तर डावा तळवा कॉलरच्या बरोबर वर, नळीवर ठेवा आणि भुवई आयकपला (डोळा लावायच्या रबरी कडेला) टेकवा. हाताचं मांस थरथर शोषून घेतं. स्थिर विषयासाठी तेच काम कॉलरवर ठेवलेली किलो-दोन किलोची बीन बॅग करते.

एवढं करूनही टिचकीनंतर चित्र २-३ सेकंद डोलत असेल, तर खुशाल जाड पायांचा ट्रायपॉड घ्या.

प्रश्न : मधल्या हुकाला बॅग टांगावी का?

उत्तर : टांगा, पण तळ जमिनीला टेकेल इतकी खाली. अधांतरी बॅग वाऱ्यात झोके घेते आणि नवीच थरथर सुरू करते. शिवाय बॅगेने पाय घट्ट रोवले जातात, हेड आणि कॉलरमधला ढिलेपणा तसाच राहतो. वारा असेल तर गळ्यातला पट्टा काढा आणि ऊन समोरून येत नसेल तर हूडही. तो शिडासारखा वारा धरतो.

प्रश्न : ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन चालू ठेवायचं की बंद?

उत्तर : हेड घट्ट आवळलेलं असेल आणि लेन्स जुनी असेल, तर बंद. दुरुस्त करायला काही नसलं की तिच्यातला हलता भाग स्वतःच सरकत राहतो. बऱ्याच नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात. गिंबल (जड लेन्स तोलून मोकळी फिरवू देणारं हेड) सैल ठेवून पक्ष्यामागे फिरत असाल तर चालू ठेवा, मात्र अर्धं बटण दाबून प्रतिमा स्थिरावू द्या. आपल्या लेन्सचं वागणं कळायला १/३० ला चालू-बंद असे दहा-दहा फोटो काढून १०० टक्क्यांवर ताडून पाहा.

प्रश्न : भर उन्हात १/२००० लाही दूरचे फोटो मऊ येतात. हेही कंपनच का?

उत्तर : नाही, हा तापलेल्या हवेचा खेळ. कंपनाने सगळी चौकट एकाच दिशेला ओढली जाते, ठिपक्यांच्या रेघा होतात. इथे मात्र एक कडा ठीक, शेजारची वितळलेली, आणि पुढच्या फोटोत उलट. ट्रायपॉडचा इथे उपयोग नाही. जवळ जा, सकाळी लवकर या, तापलेल्या खडकावरून किंवा डांबरावरून नेम धरणं टाळा.