परदेशातला मुक्काम : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

साठवलेली सहा आठवड्यांची रजा आहे. तेवढ्यात आठ देश पाहून यावेत की एकाच ठिकाणी राहावं? प्रवासाने माणूस घडतो म्हणतात, मग देश जितके जास्त तितकं चांगलं ना?

पाहण्याचा आनंद हवा असेल तर आठ देश जरूर पाहा, त्यात कमीपणा काही नाही. पण स्वतःत काही बदल व्हावा अशी इच्छा असेल तर एकच गाव निवडा आणि सहाही आठवडे तिथेच काढा.

संशोधक हायो अ‍ॅडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली सहा अभ्यास एकत्र प्रसिद्ध केले. त्यांत मिळून १,८७४ माणसं होती. परदेशात राहिलेल्यांना आपण कोण आहोत आणि आपल्याला खरोखर काय पटतं, हे अधिक स्पष्ट असल्याचं त्यात दिसलं. ही स्पष्टता किती देशांत राहिलात यावर अवलंबून नव्हती. एकूण किती काळ राहिलात यावर होती. कारण समजून घेण्यासारखं आहे. आपल्या घरी आपल्यासारखंच वागणारी माणसं भोवती असतात, त्यामुळे आपल्या सवयींकडे आपलं लक्षच जात नाही. वेगळ्या रीतीच्या माणसांत रोज वावरलं की प्रश्न पडू लागतो : हे मी मनापासून मानतो, की लहानपणापासून तसं करत आलो म्हणून करतो? हा प्रश्न तीन दिवसांच्या मुक्कामात पडत नाही. सहा आठवडेही खरं तर थोडेच, पण सुरुवात होण्यापुरते आहेत.

त्याआधी विल्यम मॅडक्स आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या संशोधकांनी २००९ मध्ये नवं काही सुचण्याची क्षमता तपासायला एक जुनं कोडं वापरलं होतं. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांची खोकी एवढंच सामान. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की मेण खाली सांडू नये. टाचण्या ओतून टाकून रिकामी खोकी भिंतीला टाचायची आणि तिच्यात मेणबत्ती उभी करायची, हे उत्तर. परदेशात राहिलेल्यांना ते जास्त वेळा सुचलं. नुसतं फिरून आलेल्यांच्या बाबतीत तसा संबंध आढळला नाही. अर्थात, परदेशी राहायला जाणारा माणूस मुळातच वेगळ्या घडणीचा असू शकतो, हे असे निष्कर्ष वाचताना विसरू नये.

आता व्यवहाराचं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने तरी शिल्लक असू द्या, कारण अनेक देश तेवढी मागतात. पर्यटक व्हिसावर बहुतेक ठिकाणी पगारी काम चालत नाही आणि काही ठिकाणी बिनपगारी मदतही चालत नाही. ‘थोडंसं शिकवीन, बदल्यात राहायला मिळेल’ असा बेत आखण्याआधी नियम वाचा. शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, पर्यटक म्हणून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतच राहता येतं. हा हिशेब सगळ्या शेंगेन देशांचा मिळून एकच असतो. खोली स्वयंपाकघर असलेली आणि राहत्या वस्तीतली घ्या. बाजारहाट आणि धुणं स्वतः करावं लागलं की निम्मी शिकवणी तिथेच होते.

पहिला आठवडा झोप आणि रस्ते यांनाच द्या. घड्याळातल्या प्रत्येक तासाच्या फरकासाठी शरीराला साधारण एक दिवस लागतो. पूर्वेकडे जाताना त्रास जास्त होतो, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं असतं. त्याला मागे ढकलणं सोपं, पुढे ओढणं अवघड. दुसऱ्या आठवड्यात दर आठवड्याला ठरल्या वारी भरणारं काहीतरी शोधा : गाण्याचा गट, मातीकाम, एखादा खेळ. पहिल्या दोन खेपांना कुणी फारसं बोलणार नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तुमची जागा राखून ठेवली जाते.

आणि चौथ्या आठवड्यात कंटाळा येईल. हमखास येतो. नेमक्या त्याच वेळी लोक शेजारच्या देशाचं तिकीट काढतात. तुम्ही काढू नका. नवलाई संपल्यावरचे दिवसच तुमच्या कामाचे आहेत.

नोकरीसाठी परदेशी येऊन पाच महिने झाले. पहिले दोन महिने हवेत होते. आता रांगेपासून लिफ्टपर्यंत सगळ्याची चीड येते. मी कमकुवत आहे का?

नाही. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९५४ साली रिओ दि जानेरोतल्या एका व्याख्यानात याच अवस्थेचं वर्णन केलं आणि ‘कल्चर शॉक’ हा शब्द रूढ झाला. पाण्याच्या नि अंथरुणाच्या स्वच्छतेची अवाजवी काळजी, लहानशा विलंबाने उसळणारा राग, आपल्याला फसवताहेत ही धास्ती, घराची ओढ ही लक्षणं त्यांनीच नोंदवली होती. मूळ कारण साधं आहे. हात कधी मिळवायचा, होकार खरा कुठला आणि नुसता शिष्टाचाराचा कुठला, हे घरी न विचार करता कळतं. इथे त्या सगळ्या खुणा गेल्या. जे आपोआप व्हायचं ते आता डोकं लावून करावं लागतं, आणि संध्याकाळपर्यंत डोकं थकतं. चीड रांगेची नसते, थकव्याची असते.

१९५५ मध्ये समाजशास्त्रज्ञ स्व्हेरे लिसगोर यांनी अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन अभ्यासकांची पाहणी केली. सहा ते अठरा महिने राहिलेले सर्वांत कमी रुळलेले दिसले. त्याहून कमी आणि त्याहून जास्त राहिलेले बरे होते. ही उतरून चढणारी रेघ प्रत्येकाच्या बाबतीत तशीच येते असं नाही. पुढच्या काही अभ्यासांत सर्वांत जड काळ अगदी सुरुवातीचाच निघाला. पण पाचव्या महिन्यात खचल्यासारखं वाटणं यात नवल काहीच नाही.

काय करावं? दिवसातले निर्णय कमी करा. कामाला जायची वाट, न्याहारी आणि झोपेची वेळ महिनाभर बदलू नका. सकाळी अर्धा तास उजेडात चाला. घरी फोन ठरलेल्या वेळी करा. प्रत्येक वेळी मन उदास झालं की फोन लावला, तर उदासी आणि घर यांची गाठ बसते. ‘इथले लोक असेच’ असं वाक्य तोंडात आलं की ते गिळून एका प्रसंगाचं वाक्य करा : ‘आज सकाळी अमुक सहकाऱ्याने नमस्काराला उत्तर दिलं नाही.’ प्रसंगावर उपाय असतो, ‘लोकां’वर नसतो.

मात्र झोप, भूक आणि कामातलं लक्ष दोन आठवडे सलग बिघडलेलं असेल, तर याला नुसता कल्चर शॉक समजून थांबू नका. डॉक्टरांना भेटा. आरोग्य विम्यात मानसोपचार येतो का, हे बरं असतानाच पाहून ठेवा.

जाण्याआधी तिथली भाषा किती यायला हवी?

भाषा किती येते हे मोजण्याच्या युरोपीय चौकटीत ए-१ (अगदी सुरुवातीची) ते सी-२ (सर्वांत वरची) अशा सहा पायऱ्या आहेत. जाण्याआधी ए-१ पूर्ण करा, जमल्यास ए-२. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना कामापुरती स्पॅनिश यायला साधारण ६०० ते ७५० तासिका धरते, जपानी किंवा अरबीला २,२००. म्हणजे ‘तिथे गेलो की आपोआप येईल’ यावर विसंबू नये. तीन वाक्यं मात्र पहिल्या दिवशीच तोंडपाठ हवीत : ‘हळू बोलाल का?’, ‘मला असं समजलं, बरोबर आहे का?’ आणि ‘कृपया तुमच्याच भाषेत बोला, मी शिकतोय.’ तिसरं नसेल तर समोरचा सौजन्याने इंग्रजीवर येतो आणि तुमचं शिकणं थांबतं.

बदल होतोय की नाही, हे कळणार कसं? मी रोजनिशी लिहिते, पण ती नुसती हकिगत होते.

रोज लिहू नका. आठवड्यातून दोनदा, ज्या प्रसंगाने तुम्ही खटकलात किंवा गोंधळलात तेवढाच लिहा, आणि तीन वेगळ्या परिच्छेदांत लिहा. पहिल्यात फक्त दिसलं-ऐकलं ते. दुसऱ्यात त्याचे निदान तीन अर्थ. तिसऱ्यात तुम्हाला काय वाटलं ते.

उदाहरण पाहा. बैठकीत सहकारी सगळ्यांसमोर म्हणाला, ‘हा तक्ता चुकीचा आहे.’ पहिल्या परिच्छेदात एवढंच येईल. ‘त्याने माझा अपमान केला’ हे तिथे बसत नाही, कारण अपमान कानाने ऐकू येत नाही. दुसऱ्यात : त्याला मला खाली दाखवायचं होतं, किंवा इथे चूक तिथल्या तिथे सांगणं हाच कामाचा भाग, किंवा तक्ता खरंच चुकलेला होता आणि वेळ थोडा होता. तिसऱ्यात : कान तापले, दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. आता खाली एक ओळ : आमच्याकडे चूक कशी सांगतात, आणि मला ती पद्धत खरंच जास्त पटते का? कधी उत्तर ‘हो, आपलीच बरी’ असं येईल. तेही शिकणंच.

सगळ्यांत जास्त चूक होते ती दुसऱ्या परिच्छेदात. एकच अर्थ लिहून लोक थांबतात. तिसरा अर्थ सुचत नसेल तर तो तिथल्याच कुणाला तरी विचारा. मैत्रीची सुरुवात बऱ्याचदा अशा प्रश्नानेच होते. तीन महिन्यांनी जुनी पानं वाचा. आधी ज्याने खटकायचं त्यावर आता लिहावंसंही वाटत नसेल, तर बदल तिथे झालाय.

दोन वर्षांनी परत जातोय. आपल्याच घरी जायचंय, त्याची काय तयारी?

बहुतेक जण इथेच गाफील राहतात. परतीचाही धक्का असतो. जॉन आणि जीन गलाहॉर्न या संशोधकांनी १९६३ मध्येच तो मांडला. तिकडे जाताना आपण वेगळेपणाची तयारी ठेवतो, परतताना ठेवत नाही, म्हणून हा जास्त लागतो. नोकरी सोडणं, गाव बदलणं असे मोठे निर्णय शक्य तर पहिले तीन महिने टाळा. तिथली एखादी सवय ठरवून सोबत आणा आणि आठवड्यात तिच्यासाठी वेळ राखा. आठवणी मागितल्याशिवाय सांगू नका. आधी विचारा, मागच्या दोन वर्षांत तुमच्याकडे काय काय झालं. आणि परदेशातल्या दोन-तीन माणसांशी पहिल्या बोलण्याची तारीख निघण्याआधीच ठरवा. ‘बोलू कधीतरी’ म्हटलं की ते राहून जातं.