राजीनाम्यात ‘तब्येतीमुळे’ लिहू नका

प्रश्न : ठाण्यातल्या सलूनमध्ये दोन वर्षं नेल टेक्निशियन आहे. आम्ही बाराजणी, माझा पगार १८,०००. बोटांची टोकं फाटतात, पापण्या सुजतात. पॅच टेस्टमध्ये (त्वचेवर पदार्थ लावून करतात ती ॲलर्जीची तपासणी) नेल जेलमधल्या ‘हेमा’ या रसायनाची ॲलर्जी निघाली. मॅडम म्हणतात, तुझी स्किनच नाजूक, तब्येतीमुळे सोडते असं लिहून दे. काय करू?

उत्तर : सही करू नका. स्वतःहून राजीनामा दिलात की ती कायद्यात ‘कामगार कपात’, म्हणजे मालकानं कामावरून कमी करणं, धरत नाहीत. मग दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची कपात-भरपाई हातची जाते. मॅडमना हे कुणीतरी नीट समजावलेलं दिसतंय.

आता पगाराची स्लिप काढा. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेपोटी ०.७५ टक्के, म्हणजे १३५ रुपये, कापले जातात का? दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला आणि २१,००० पर्यंतच्या पगाराला ही योजना लागू होते. मॅडमनी नोंदणीच केली नसेल तर ईएसआयच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. त्यांच्या चुकीनं तुमचा हक्क बुडत नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्या तिसऱ्या अनुसूचीत रसायनांमुळे होणारे त्वचारोग व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले आहेत. असा आजार कामावरची इजा ठरला, तर काम बंद असलेल्या दिवसांचा साधारण ९० टक्के पगार ईएसआयकडून मिळतो. साध्या आजारपणात ७० टक्केच. त्यामुळे डॉक्टरांच्या कागदावर नुसतं ‘डर्मटायटिस’ (त्वचेचा दाह) नको. तुमचं काम, रसायनाचं नाव, पॅच टेस्टचा निकाल आणि सुट्टीत त्वचा सुधारते का, हे सगळं लिहून घ्या. बाटल्यांच्या लेबलांचे फोटो आजच काढा, उद्या ब्रँड बदललेला असेल.

कामावरच्या इजेसाठी मालकाकडून भरपाई मागण्याचा, भरपाई आयुक्त या सरकारी अधिकाऱ्याकडचा दावा ईएसआय लागू नसेल तरच. तिथे कोणत्या कामांना भरपाई याची यादी दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि तिच्यात सलूनचं नाव थेट नाही. समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल.

‘नाजूक स्किन’ला उत्तर असं : ही ॲलर्जी न सुकलेलं जेल पुन्हा पुन्हा लागून होते, आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. साध्या नायट्रिल ग्लोव्ह्जमधून ते काही मिनिटांत आरपार जातं. म्हणून थ्रेडिंग किंवा रिसेप्शनचं काम द्या, असं मॅडमना व्हॉट्सॲपवरच मागा. फोनवर नको, पुरावा राहत नाही.