ला अल्बेर्का पाहायचे असेल, तर रात्री मुक्काम करा

आपल्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत : माद्रिदहून दोन दिवसांत जमेल असे लहानसे डोंगरी गाव, तिथे अजून पाळल्या जाणाऱ्या प्रथा आणि सोबतच्या शाकाहारी आईवडिलांच्या जेवणाची सोय. पहिल्या दोन्हींसाठी मी सालामांका प्रांतातील ला अल्बेर्का हे गाव सुचवीन. तिसऱ्या गोष्टीचे उत्तर तितकेसे सुखाचे नाही, ते शेवटी देतो.

सिएर्रा दे फ्रांथिया या डोंगररांगेत सुमारे हजार मीटर उंचीवर हे गाव आहे आणि वस्ती जेमतेम हजार-अकराशे आहे. १९४० साली स्पेन सरकारने या अख्ख्या गावाला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. ग्रामीण वस्तीला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. घरांचा तळमजला ग्रॅनाइटचा, वरचे मजले लाकडी सांगाड्यात माती-दगड भरून केलेले, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला, त्यामुळे अरुंद गल्लीत समोरासमोरच्या वळचणी जवळजवळ एकमेकींना टेकतात. दारावर जिथे आपल्याकडे गणेशपट्टी असते, तिथे यांच्याकडे दगडात कोरलेली मारियामातेची आद्याक्षरे किंवा क्रूस दिसतो. मला त्या गावात सर्वप्रथम आपलेसे वाटले ते या दारांमुळे.

बहुतेक पर्यटक मात्र सकाळी येतात, प्लाथा मायोर या मुख्य चौकात छायाचित्रे काढतात, हॅम विकत घेतात आणि दुपारी परततात. त्यांच्या हातून जे निसटते ते संध्याकाळी घडते. दिवस मावळला की गावातील एक स्त्री हातात लहानशी घंटा घेऊन गल्ल्यांतून निघते, ठरलेल्या कोपऱ्यांवर थांबून घंटा वाजवते आणि शुद्धिस्थानात, म्हणजे कॅथलिक श्रद्धेनुसार स्वर्गाआधी आत्मे जिथे शुद्ध होतात तिथे, अडकलेल्या मृतात्म्यांसाठी प्रार्थना म्हणण्याची गावाला आठवण करून देते. तिला मोथा दे आनिमास म्हणतात. ही फेरी रोजची आहे, सणावारापुरती नाही. मी पाहिले त्या दिवशी बारीक पाऊस होता आणि गल्लीत मोजून चार माणसे होती. ती आमच्याकडे न पाहता कोपऱ्यावर थांबली, एका लयीत प्रार्थना म्हणून पुढे गेली, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ घंटा ऐकू येत राहिली. पहाटे दारोदार फिरणारा वासुदेव ज्यांनी लहानपणी पाहिला आहे, त्यांना यापेक्षा अधिक समजावून सांगायला नको. तिच्या तोंडासमोर मोबाइल धरू नये, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

दुसरी प्रथा डुकराची आहे. १३ जूनला, पादुआच्या संत अंतोनियोच्या दिवशी, एका डुकराला आशीर्वाद देऊन गळ्यात घंटा बांधून गावात मोकळे सोडतात. पुढचे सात महिने सारे गाव त्याला खाऊ घालते. १७ जानेवारीला, दुसऱ्या संत अंतोनियोच्या म्हणजे सान आंतोनच्या दिवशी, त्याची सोडत निघते. पूर्वी हे डुक्कर गावातील एखाद्या गरीब घराला देत असत, असे सांगतात. आता सोडतीचे पैसे सत्कार्याला जातात. म्हणजे फेब्रुवारी ते मे या काळात गेलात, तर चर्चजवळच्या दगडी डुकरावरच समाधान मानावे लागेल.

तारखा आपल्या हातात असतील, तर १५ आणि १६ ऑगस्ट निवडा. पहिल्या दिवशी चौकात मारियामातेपुढे नृत्यासह अर्पणविधी होतो, आणि चांदीचे ताईत व पोवळ्यांच्या माळांनी लगडलेला, अंगावर अक्षरशः काही किलो भरणारा पारंपरिक स्त्रीवेष पाहायला मिळतो. दुसऱ्या दिवशी लोआ नावाचे भक्तिनाट्य होते. त्यात सैतान फटाक्यांच्या धुरात येतो आणि अर्थातच हरतो. त्या दिवसांसाठी खोली कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते.

माद्रिदहून सालामांकापर्यंत रेल्वे आणि बस दोन्ही आहेत. तिथून पुढचे सुमारे ७५ किलोमीटर बसने जाता येते, परंतु फेऱ्या फार थोड्या आहेत, म्हणून सालामांकात गाडी भाड्याने घेणे बरे. गाडी असेल तर जवळच्या मोगार्राथलाही जा. १९६७ मध्ये तिथल्या गावकऱ्यांची ओळखपत्रांसाठी छायाचित्रे काढली होती. चित्रकार फ्लोरेन्थियो माइयो यांनी त्यांवरून ३८८ मोठी व्यक्तिचित्रे केली आणि २०१२ मध्ये ती त्या-त्या माणसाच्या घराच्या भिंतीवर लावली.

आता जेवण. हा प्रदेश डुकराच्या मांसासाठीच प्रसिद्ध आहे, आणि इथे ‘मांस नको’ याचा अर्थ पुष्कळदा ‘मांसाचा मोठा तुकडा नको’ एवढाच घेतला जातो. पातातास मेनेआस हा लाल तिखटपूड घातलेला कुस्करलेल्या बटाट्यांचा पदार्थ आपल्या भाजीसारखा दिसतो, पण वर तळलेल्या चरबीचे तुकडे असतात. लिमोन सेर्रानो ही संत्र्या-लिंबाची कोशिंबीर समजून आम्ही मागवली, तर तीत सॉसेज आणि अंडे निघाले. आईने ताट सरकवले ते सरकवलेच. म्हणून स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्या आणि मोहरी, हळद, गोडा मसाला घरून न्या. सालामांकाजवळच्या ला आर्मुन्या भागातील मसूर नावाजलेला आहे. दुसऱ्या दिवशी आईने त्याचीच आमटी केली, आणि घरमालकीणबाई वाटी घेऊन दोनदा आल्या.