भजनाच्या वेगवेगळ्या ऑडिओ फाइल्स एकत्र करायला ऑडॅसिटी घ्यावं की रीपर?

पेटी, तबला आणि गायन अशा तुमच्या फाइल्स वेगवेगळ्या आहेत, म्हणून या दोन ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरपैकी मी रीपरच सांगेन. त्यात कितीही कापाकापी केली तरी डिस्कवरची मूळ फाइल जशीच्या तशी राहते. महिन्याभरानं तबल्याचा आवाज थोडा कमी करावासा वाटला, तरी प्रोजेक्ट उघडून करता येतो. 60 दिवस मोफत वापरून बघा, पुढे वैयक्तिक परवाना 60 डॉलरला मिळतो.

एकाच फाइलमधला सुरुवातीचा खोकला काढायचा, एवढंच असेल तर मोफत ऑडॅसिटी पुरे.

आणि कृपा करून काम संपेपर्यंत एमपीथ्री करू नका! दरवेळी सेव्ह करताना आवाजातला थोडा तपशील कायमचा जातो. कमी बिटरेटला (म्हणजे दर सेकंदाला कमी डेटा ठेवला) तर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणीत गुंजणारा नाद, बोथट होते. सगळं 24 बिट वेव्हमध्येच (WAV, तपशील न गमावणारा फाइल प्रकार) ठेवा.