एकच भिंत उठावदार करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मास्किंग टेप लावून एका भिंतीवर त्रिकोणांची रचना रंगवली. टेप काढल्यावर कडा दातेरी निघाल्या आणि दोन ठिकाणी टेपबरोबर खालचा जुना रंगही सुटून आला. काय चुकलं?

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत. दातेरी कडा म्हणजे टेपखाली शिरलेला रंग. भिंत हाताला कितीही गुळगुळीत लागली, तरी रोलरने दिलेल्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड असतेच. टेप उंचवट्यांना चिकटते, मधल्या खळग्यांतून नवा रंग झिरपतो. म्हणून टेपची कड पुट्टीच्या पात्याने घासून बसवा आणि तिच्यावरून आधी खालच्याच, म्हणजे टेपने झाकलेल्या रंगाचा एक पातळ हात फिरवा. जे झिरपायचं ते त्याच रंगात झिरपेल, डोळ्याला दिसणार नाही आणि फटी बुजतील. तो वाळला की नव्या रंगाचे दोन पातळ हात द्या. दुसरा हात ओला असतानाच टेप काढायची : स्वतःवरच मागे दुमडत, साधारण ४५ अंशांत, सावकाश. रंग पूर्ण वाळू दिला तर टेपवरचा आणि भिंतीवरचा थर एकजीव होतो आणि ओढताना कड फाटते. तसं झालंच, तर टेपच्या कडेने कटर हलकेच फिरवून मग ती ओढा.

त्रिकोण एकमेकांना लागून असतील तर ते सगळे एका बैठकीत होत नाहीत. एकाआड एक रंगवा. शेजारचे दुसऱ्या दिवशी घ्या, कारण त्यांची टेप आता ताज्या रंगावर बसणार आहे. त्या रंगाला निदान २४ तास द्या.

जुना रंग सुटला, कारण त्याची भिंतीवरची पकडच गेली होती. तळहात घासून पाहा. पांढरी भुकटी लागली तर तिच्यावर काहीही टिकणार नाही, रंगही नाही आणि वॉलपेपरही नाही. सुटे पापुद्रे खरवडा, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर प्रायमर द्या आणि मगच टेप लावा.

प्रश्न : भिंतीवर उभ्या लाकडी पट्ट्या लावायच्या आहेत. भिंत ३.३ मीटर रुंद आहे, पट्टी ५० मिमी रुंद आणि १२ मिमी जाड. शेवटची फट बाकीच्यांपेक्षा अरुंद राहू नये म्हणून हिशेब कसा करावा?

उत्तर : फट आधी ठरवू नका, पट्ट्यांची संख्या ठरवा. दोन्ही टोकांना पट्टी हवी असेल तर फटी पट्ट्यांपेक्षा एकने कमी असतात. ११ पट्ट्या धरल्या तर त्यांची रुंदी ५५० मिमी. ३३०० मधून ती वजा केली की २७५० उरतात, त्यांना १० ने भागा : प्रत्येक फट २७५ मिमी. एखादी पट्टी नेमकी स्विचबोर्डावर येत असेल तर संख्या बदलून पाहा. १० पट्ट्यांना फट सुमारे ३११ मिमी येते, १२ पट्ट्यांना सुमारे २४५.

खुणा करताना बहुतेकांची चूक होते ती इथे. २७५ मिमीचा ठोकळा ठेवत ठेवत पुढे गेलात आणि प्रत्येक वेळी १ मिमी सरकलात, तर शेवटी १ सेंमीचा फरक पडतो. त्याऐवजी एका कोपऱ्यातून मोजायची टेप ताणून सगळ्या खुणा एकदम करा : ०, ३२५, ६५०, ९७५, असं ३२५०पर्यंत. ठोकळा फक्त ताळा घ्यायला वापरा.

त्याआधी भिंतीची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजा. तिन्ही मापं सारखी आली तर नशीबच म्हणायचं, कारण गिलाव्याचे कोपरे क्वचितच ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभ्या रेषेत असतात. प्रत्येक पट्टी ओळंब्यात लावायची, कोपऱ्याला समांतर नाही. टोकाची पट्टी आणि कोपरा यांत काही मिलिमीटरची तिरकी फट पडली तर तिथे रंग बसणारा ॲक्रिलिक फिलर भरा. फरक त्याहून मोठा असेल तर फक्त टोकाची पट्टी रंध्याने उतरती करून घ्या.

लाकूड लावण्याआधी २-३ दिवस त्याच खोलीत आडवं ठेवा. दुकानातून आणल्या आणल्या लावलेली पट्टी पुढे आक्रसते किंवा वाकते. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) असेल तर कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात हवेतच. त्या पाणी शोषून फुगतात आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. पक्क्या गिलाव्यात ६ मिमीचं, सुमारे ४५ मिमी खोल भोक, त्यात प्लास्टिकचा प्लग, ५० मिमीचा स्क्रू, आणि दर ५०-६० सेंमीला एक स्क्रू. पट्टीत आधी भोक पाडून स्क्रूच्या डोक्यापुरती खोलगट जागा करा, नाहीतर पट्टी चिरते. डोक्यावर भरलेली लांबी (पुट्टी) वाळताना बसते, म्हणून ती दोनदा भरावी लागते.

ड्रिल लावण्याआधी त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा मुख्य पेटीतला स्विच) बंद करा आणि बॅटरीवरचं ड्रिल वापरा. वायरी सहसा स्विच किंवा सॉकेटपासून सरळ वर, खाली किंवा आडव्या गेलेल्या असतात. त्या रेषांत भोक पाडूच नका, तिथे पट्टी नुसत्या चिकटवणाऱ्या गोंदावर बसवा.

प्रश्न : भिंत ३.६ × ३.१५ मीटर. क्षेत्रफळाच्या हिशेबाने वॉलपेपरचे ३ रोल पुरून उरायला हवे होते, तरी एक पट्टा कमी पडला. असं कसं?

उत्तर : वॉलपेपर क्षेत्रफळावर मोजत नाहीत, पट्ट्यांवर मोजतात. नेहमीचा रोल ०.५३ मीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो. तुमच्या भिंतीला ७ पट्टे लागतात. वर-खाली कापायला १० सेंमी धरले की एक पट्टा ३.२५ मीटर. साध्या कागदाच्या एका रोलमधून असे ३ निघतात. पण नक्षी दर ६४ सेंमीला फिरून येत असेल, तर प्रत्येक पट्टा नक्षीच्या त्याच जागेवरून सुरू व्हावा लागतो, म्हणजे ३.८४ मीटरवर. मग रोलमधून २ च पट्टे निघतात आणि बाकीचा कागद वाया जातो. तीन रोलचे ६, तुम्हाला हवे ७. चौथा रोल आणताना लेबलवरचा बॅच नंबर जुळतो का ते पाहा. वेगळ्या बॅचची छटा भिंतीवर शेजारी शेजारी आली की लगेच उघडी पडते.

प्रश्न : भिंतीला खालून ओल येते. पॅनेल लावून झाकली तर चालेल?

उत्तर : नाही. ओल आतल्या आत वाढेल, पॅनेलच्या मागे बुरशी धरेल आणि स्क्रू गंजतील. आधी पाणी कुठून येतं ते शोधून बंद करा. मग फूटभर चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवून २ दिवस ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर भिंत अजून वाळलेली नाही, थांबा.

प्रश्न : गडद निळ्या रंगाचे दोन हात देऊनही भिंत पट्टेरी दिसते. तिसरा हात द्यावा का?

उत्तर : द्या. गडद रंगाच्या बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, झाकणारं पांढरं रंगद्रव्य फार कमी असतं, त्यामुळे दोन हातांत खालचं झाकलं जाईलच असं नाही. पुढच्या वेळी आधी राखाडी छटेचा प्रायमर द्या, एक हात वाचेल. पट्टे मात्र रोलरच्या चालीमुळेही पडतात. अर्धवट वाळलेल्या जागेवर पुन्हा रोलर फिरवला की तिथे खूण राहते. कडा ब्रशने रंगवून लगेच रोलर घ्या, मीटरभर रुंदीचा भाग छतापासून खालपर्यंत पुरा करा, त्याची ओली कड सुकायच्या आत पुढचा भाग तिला भिडवा आणि मध्ये थांबू नका. पंखा बंद ठेवा. डब्यावर दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त पाणी घालू नका.