काढा-चूर्ण घेतेय, डॉक्टरांना सांगू का?

"डॉक्टरांना सांगितलं तर ते रागावतील, आणि बंद केलं तर सासूबाई दुखावतील." मीराची (नाव बदललं आहे) ही अडचण मला नवी नव्हती. पाळी, मूल, हार्मोन यांसाठी वनौषधी घेणाऱ्या कितीतरी जणी ती डॉक्टरांपासून लपवतात.

मीरा 29 वर्षांची. पाळी कधी 40 दिवसांनी, कधी 55. वर्षाहून अधिक काळ बाळासाठी प्रयत्न चालू. थायरॉईड कमी म्हणून रोज सकाळी लेव्होथायरॉक्सिनची गोळी. माझ्याकडे समुपदेशनासाठी आली ती मात्र "चिंता फार वाढलीय" म्हणून. झोप उडाली होती, छातीत धडधडायचं, हात थरथरायचे.

हे सगळं मनाचंच आहे असं धरून चालणं मला पटेना. घरातली सगळी पाकिटं घेऊन या, असं सांगितलं. सासूबाईंनी मायेनं दिलेलं अश्वगंधा-शतावरीचं चूर्ण होतं आणि तिनं स्वतः मागवलेली 'हार्मोन बॅलन्स' कॅप्सूल. लेबल वाचलं, तर कॅप्सूलमध्येही अश्वगंधाच. म्हणजे तीच वनस्पती दोन वाटांनी पोटात जात होती.

अश्वगंधेमुळे थायरॉईड हार्मोनची पातळी वाढू शकते. काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि गरोदरपणात ती टाळायला सांगतात. बाळाची वाट पाहणाऱ्या बाईला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. इतर वनस्पतींचंही तसंच. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतला तर रक्तदाब वाढू शकतो, सेंट जॉन्स वर्टमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. अंगाला गुण देणारी वस्तू अवगुणही देऊ शकते, एवढं मान्य केलं की लपवायचं कारण उरत नाही.

औषध चालू ठेवा की थांबवा, हे सांगणं माझ्या कामात बसत नाही. आम्ही एका कागदावर सगळं लिहून काढलं: काय, किती, कधीपासून, आणि त्रास कधी सुरू झाला. तो कागद तिनं डॉक्टरांपुढे ठेवला. ते रागावले नाहीत. रक्तातलं टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं हार्मोन) तपासलं, ते खाली गेलेलं निघालं. म्हणजे अंगात थायरॉईड हार्मोन जास्त झालं होतं, आणि धडधड, थरथर त्यानंही होते. दोन्ही वनौषधी बंद करून गोळी तेवढीच ठेवली आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. धडधड त्याआधीच कमी झाली. अनियमित पाळीसाठी पीसीओएसच्या (हार्मोन बिघडून पाळी लांबते तो त्रास) तपासण्याही त्यांनी लिहून दिल्या.

सासूबाईंशी बोलणं तिला याहून जड वाटत होतं. "तुम्ही काळजीनं दिलंत, पण माझ्या गोळीबरोबर ते चालत नाही," एवढंच म्हणायचं ठरलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

मग मी विचारलं, "नवऱ्याची तपासणी?" ती गप्प झाली. झाली नव्हती. चूर्ण घेत राहिलं की कमतरता कुणात, हा प्रश्न घरात कुणी काढत नव्हतं, आणि सगळा भार तिच्या एकटीवर पडत होता. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांची तपासणी एकत्रच व्हायला हवी. वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारणही असतं आणि वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी तपासणी आहे.

पुढच्या भेटीला तो सोबत आला. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, असं म्हणाला. दोघांनी मिळून तपासणीची वेळ घेतली.