शेवट आधीच कळला, आता सिनेमा पाहावा का?

प्रश्न : एक रहस्यपट पाहायचा ठरवला होता, पण मित्राने बोलता बोलता खुनी कोण ते सांगून टाकलं. आता तिकीट काढण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : शेवटचा धक्का गेला, तो परत मिळणार नाही. पण धक्का आणि उत्कंठा वेगळ्या. रहस्यपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत याचा हिशेबच मांडला आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल, तर स्फोटाचा दचका १५ सेकंदांचा. माहीत असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही १५ मिनिटं जीव टांगणीला लावतात. ‘व्हर्टिगो’ (१९५८) ज्या फ्रेंच कादंबरीवर बेतला आहे, तिच्यात रहस्य शेवटी उलगडतं. हिचकॉकने ते बरंच आधी प्रेक्षकासमोर ठेवलं, नायकाला मात्र अंधारात ठेवलं. मग ‘ती कोण?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘त्याला कळेल तेव्हा काय होईल?’ ही धास्ती सुरू होते. आपल्या ‘संगीत सौभद्र’मध्येही (१८८२) यती म्हणजे अर्जुन हे प्रेक्षकाला ठाऊक, बलरामाला नाही. सगळी गंमत तिथेच आहे.

तरीही सरसकट ‘काही बिघडत नाही’ म्हणणं चूक. सॅन डिएगोतल्या २०११च्या एका प्रयोगात शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना किंचित जास्त आवडल्या, त्याचा दाखला नेहमी दिला जातो. पण त्या लघुकथा होत्या, दोन तासांचा सिनेमा नव्हता. शिवाय २०१५च्या दुसऱ्या अभ्यासात उलट निष्कर्ष निघाला.

म्हणून सिनेमाची जात पाहा. पाच-सहा संशयित, चौकशी आणि शेवटच्या दहा मिनिटांत नाव, एवढंच असेल तर मधला भाग रेंगाळेल. तो तूर्त बाजूला ठेवा. शेवट कळल्यावर आधीच्या प्रसंगांचा अर्थ पालटत असेल, तर जरूर जा. अशा वेळी बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे पाहा. प्रश्नाला उत्तर खरंच कोण देतं, दार कोण उघडतं, कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावरून चटकन हटतो? दिग्दर्शकाची खरी मेहनत इथे दिसते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या नजरेतून ती बहुधा निसटते.

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळात खेळाआधी सिनेमाची ओळख करून द्यायची असते. किती सांगावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पहिल्या वीस मिनिटांत जे घडतं तेवढंच. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ हेही सांगू नका. ते ऐकलं की प्रेक्षक सर्वांत निरुपद्रवी पात्रावर संशय घेऊन बसतो आणि अर्ध्यातच नेम लागतो. ट्रेलर दाखवू नका. त्यात उत्तरार्धातली दृश्यं सर्रास असतात. उशिरा येणाऱ्यांना आत घेऊ नका. ‘सायको’साठी (१९६०) हिचकॉकने थिएटरवाल्यांना हीच अट घातली होती. आणि खेळ संपल्यावर चर्चा सभागृहातच करा, दारापाशी पुढच्या खेळाची रांग उभी असेल तर तिथे नको.